नाताळची भेट घेताना विक्रेत्याला काय विचारायचं

‘इको-फ्रेंडली’ आणि ‘लोकल’ हे दोन शब्द हल्ली एकाच पाकिटावर शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि आपणही ते एकच समजून चालतो. कोकणात बनलंय ना, मग निसर्गाला चांगलंच असणार! पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा पूर्णपणे स्थानिक असतो, आणि तरीही तो विकत घेणं बेकायदा असतं. वेंगुर्ल्याकडच्या कारखान्यात फोडलेला काजू इथल्याच बायकांच्या हाताखालून गेलेला असतो, पण त्याची बी आफ्रिकेतून जहाजाने आलेली असू शकते. आणि घरात आणून ठेवलेली, कुणी कधीच न वापरलेली बांबूची शोभेची वस्तू कितीही ‘ग्रीन’ म्हणवत असली, तरी तिच्यासाठी तोडलेला बांबू, लावलेला रंग आणि वाहतुकीला जाळलेलं डिझेल फुकटच गेलेलं असतं.

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात नाताळ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही सण असतो. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलांचं ताट रुमालाने झाकून या घरातून त्या घरात जातं. त्यात डिसेंबरात पर्यटक येतात, चाकरमानी सुट्टी काढून गावी येतात, आणि मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून एकमेकांना भेटी देण्याची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. ‘कोकणातलं काहीतरी आण’ ही मागणी त्यामुळे वाढते. मागणी वाढली की बाजारात नावापुरतं कोकणातलंही बरंच काही येतं. तेव्हा ओळखायचं कसं, हे नीट समजून घेऊया.

वस्तूचं आयुष्य सबंध बघायचं

एखादी वस्तू पर्यावरणाला किती जड जाते हे मोजताना तज्ज्ञ तिचं सबंध आयुष्य बघतात: कच्चा माल कुठून आला, तो घडवताना किती इंधन-पाणी-रसायनं लागली, ती किती लांबून आणि कशाने आली, किती वर्षं वापरली गेली आणि शेवटी तिचं काय झालं. आपण बहुतेक वेळा यातला एकच भाग धरून बसतो, तो म्हणजे अंतर. जवळून आलं म्हणजे चांगलं, एवढंच.

अंतराला महत्त्व आहे, पण त्याहून जास्त महत्त्व माल कशाने आला याला आहे. तेवढाच माल तेवढंच अंतर जहाजाने आणण्यापेक्षा विमानाने आणायला कितीतरी पटींनी जास्त इंधन जळतं. आणि सगळ्यात महागात पडते ती एकाच कामासाठी काढलेली मोटार. मुंबईहून सावंतवाडी साधारण पाचशे किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन साठ-सत्तर लिटर पेट्रोल होतं, आणि एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जवळजवळ दीडशे किलो. केवळ ‘थेट कारागिराकडून’ घेण्याच्या हौसेपायी लाकडी फळांच्या एका परडीसाठी ही फेरी मारली, तर त्या परडीच्या पर्यावरणपूरकतेत काही अर्थ उरत नाही. रेल्वेने गावी जाणारं कुणी असेल तर त्याच्या पिशवीतून मागवावं, किंवा चार घरांची ऑर्डर एकत्र करून एकाच पार्सलने.

मला विचाराल तर सगळ्यात वजनदार प्रश्न वापराचा आहे. दहा वर्षं रोज हाताळली जाणारी वस्तू बनवताना थोडं जास्त इंधन लागलं तरी चालेल. खाऊन संपणारी वस्तूही चांगली, कारण तिचा कचरा उरतच नाही. वाईट त्या मधल्या वस्तू, ज्या कौतुकाने उघडल्या जातात आणि मग माळ्यावर जातात.

लाकडी खेळणी: रंग कुठला, हे आधी विचारा

सावंतवाडीची चितार आळी आणि तिथली लाकडी फळं माहीत नाहीत असा कोकणी माणूस विरळा. केळी, सीताफळ, फणस, मिरच्या सगळं परडीत मांडलेलं. लहान मुलांसाठी भातुकली, रंगवलेली ठकी (लाकडी बाहुली), गाड्या, भोवरे. या कामाला जुन्या काळापासून पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात. आंब्याचं आणि इतर लाकूडही चालतं. पांगारा या बाबतीत फार गुणी झाड आहे. फांदी खोचली तरी जगतो, झपाट्याने वाढतो, कोकणात कुंपणाला आणि मिरीच्या वेलांना आधाराला लावतात. अशा झाडाचं लाकूड आणि जंगलातून तोडलेलं सागवान यांत मोठा फरक आहे. म्हणून ‘लाकडी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. कुठलं लाकूड, हे विचारावं. घरचाच कारागीर असेल तर तो आनंदाने सांगतो, शिवाय तुकडा हातात देऊन वजनही दाखवतो.

मात्र माझ्या मते या खेळण्यांत लाकडापेक्षा रंगाचा प्रश्न मोठा आहे. लाखकामाची जुनी पद्धत अशी: लाकूड लेथवर गरगर फिरत असताना त्याला लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाने लाख तापते, वितळते आणि लाकडावर पातळ थराने चढते. लाख ही किड्यांनी झाडावर तयार केलेली राळ, म्हणजे पूर्ण नैसर्गिक. पण हे काम वेळखाऊ आहे, आणि ते फक्त लेथवर फिरू शकणाऱ्या गोल वस्तूंवरच होतं. सीताफळाच्या डोळ्यांवर किंवा फणसाच्या काट्यांवर लाखेची कांडी कशी फिरवणार? म्हणून फळं ब्रशने किंवा फवाऱ्याने, बाजारातल्या तयार रंगांनी रंगवली जातात. त्यात गैर काही नाही, फक्त तो रंग कुठला हे कळायला हवं.

कारण शिसं. रंग चकचकीत आणि टिकाऊ व्हावा म्हणून पूर्वी त्यात शिशाची संयुगं घालत. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं, अगदी थोडं असलं तरी. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं असू नये असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. अडचण अशी की हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. यंत्रांना, लोखंडाला द्यायचा रंग स्वस्त मिळतो म्हणून कुणी खेळण्याला दिला, तर नुसत्या डोळ्यांना कळणार नाही. तेव्हा रंगाचा डबा बघायला मागा. त्यावर शिशाविषयी काय लिहिलंय ते वाचा. ही मागणी कुठल्याही प्रामाणिक कारागिराला अपमानाची वाटत नाही. उलट गिऱ्हाईक जाणतं आहे म्हणून तो दोन गोष्टी जास्त सांगतो.

इथे एक गैरसमजही दूर करतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मग सावंतवाडीच्या ठकीवर ते का नाही? कारण हस्तकला विभागाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांना यातून सूट दिलेली आहे. छोट्या कारागिराला प्रयोगशाळेच्या तपासणीचा खर्च परवडला नसता आणि हा धंदाच बसला असता. सूट योग्यच आहे, पण त्यामुळे चौकशीची जबाबदारी आपल्याकडे येते. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला द्यायचं असेल, जे हातात येईल ते तोंडात घालतं, तर सरळ बिनरंगी घासलेल्या लाकडाचं किंवा लाखकामाचं खेळणं घ्या. रंगीत फळांची परडी आजीला द्या, ती दिवाणखान्यात मांडेल.

मोठ्यांसाठी सावंतवाडीची आणखी एक गोष्ट आहे, गंजिफा. गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत बारा पत्ते, असे एकूण १२०. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. जुने पत्ते कापड किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर लाख देऊन बनवत. म्हणजे प्लास्टिकचा संबंधच नव्हता. पूर्ण संच हाताने रंगवलेला असल्याने महाग असतो आणि तो महागच असायला हवा, कारण एकेका पत्त्यावर बारीक कुंचल्याने काम होतं. ज्याला जपून ठेवायची आवड आहे अशालाच तो द्यावा.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीचं कागदावरचं चित्र वजनाला हलकं, गुंडाळून पाठवता येतं, भिंतीवर वर्षानुवर्षं राहतं. लांबच्या माणसासाठी याहून सोयीची भेट मला दुसरी सुचत नाही.

काजू: बी कुठली आणि फोडली कुठे

नाताळ म्हटलं की कोकणातून काजू जातातच. म्हणून यावर जरा थांबतो.

कोकणात काजूची बी साधारण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत तयार होते. पाऊस लागायच्या आत ती गोळा करून वाळवायची. पण भारतातल्या कारखान्यांची बी फोडण्याची क्षमता आपल्या पिकापेक्षा खूप जास्त आहे. वर्षभर कारखाना चालायचा तर बी आयात करावी लागते, आणि ती येते आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून. म्हणजे ‘कोकणचा काजू’ लिहिलेल्या पाकिटाचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, इथल्या बागेत पिकलेला. दुसरा, इथे फक्त फोडलेला आणि सोललेला. दुसऱ्यातही इथल्या बायकांना काम मिळतं, ते कमी लेखायचं कारण नाही. पण आपण कशाचे पैसे देतोय ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

त्यावर उपाय साधा आहे, विचारायचं. आठवडी बाजारात काजूची टोपली घेऊन बसलेल्या बाईंशी असं बोलणं सहज होतं:

“काकी, बी खंयची?”

“सालीचे आसत ते आमच्या बागेतले. ते सोललेले मोठे दिसतत ना, ते फॅक्टरीतून आणलंय. थंय बी भायरसून येता.”

इतकं सरळ उत्तर कुठल्याही छापील लेबलवर मिळत नाही.

पाकिटावर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे आकडे असतात. पुष्कळांना ते दर्जाचे वाटतात. ते आकाराचे आहेत: एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. चवीशी किंवा निसर्गाशी या आकड्याचा काही संबंध नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती इथल्या बागांत भरपूर आहेत, त्यांचा गर मुळातच भरदार. पण तुकडा काजू, सालीचा काजू हेही तितकेच चविष्ट आणि स्वस्त. केकात, नेवऱ्यांच्या सारणात घालायचे तर अख्ख्या डब्ल्यू-१८०चा अट्टाहास कशाला?

काजूची दुसरी बाजू सहसा कुणी बघत नाही, ती टरफलाची. बीच्या वजनात बहुतेक भाग टरफलच असतं आणि त्यात एक दाट, जळजळीत तेल असतं. फोडताना ते बोटांना लागलं की कातडी भाजून निघते, काळी पडते, सोलते. म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. बऱ्या कारखान्यांत हातमोजे देतात. तेच टरफल नुसतं भट्टीत जाळलं तर धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. नीट चालवलेल्या कारखान्यात बी वाफवून फोडतात आणि टरफलं तेल काढायला विकतात. ते तेल रंग आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरासाठी लागतं, त्यामुळे कचऱ्याचाही पैसा होतो. तेव्हा कारखान्यातून घेत असाल तर दोन गोष्टी विचारा: टरफलांचं काय करता, आणि फोडणाऱ्यांच्या हातांना काय देता? मला तरी कामगाराच्या हातांना इजा करून आलेली भेट पर्यावरणपूरक म्हणवत नाही.

बांबू, काथ्या, करवंटी

सिंधुदुर्गात बांधाबांधावर माणगा बांबू आहे. काटे नसलेला, जवळजवळ भरीव, सरळ वाढणारा. बांबूचं वैशिष्ट्य असं की बेटातल्या तीन-चार वर्षांच्या जून काठ्या तोडल्या तरी बेट जगतं आणि नवे कोंब येत राहतात. म्हणूनच तो लाकडापेक्षा लवकर भरून येणारा माल मानतात. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन खासगी जमिनीवरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. तेव्हापासून शेतकऱ्याला तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. कुडाळला कोनबॅक ही संस्था बांबूच्या वस्तूंवर बरीच वर्षं काम करते आहे.

भेटीसाठी मी सगळ्यात आधी रोवळी सुचवीन. तांदूळ धुवायची, आपली साधी रोवळी. ती हातात घेऊन उलटी करा. तळाशी आणि कडेला बारीक पिठासारखी पूड दिसली तर भुंगा लागलाय, ठेवून द्या. कडेची बांधणी बघा: बांबूच्याच चोयट्याची किंवा वेताची आहे, की प्लास्टिकच्या पट्टीची? वासही घ्या. व्हॉर्निशचा उग्र वास येत असेल तर ती खाण्याच्या कामाची नाही. बांबू कोवळा किंवा चुकीच्या दिवसांत तोडला की त्यात पिष्ट जास्त राहतं आणि भुंगा त्यावरच जगतो. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला बांबू टिकतो. फर्निचरसारख्या मोठ्या वस्तूंसाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बांबू मुरवतात, तेही चालतं. त्या रोवळीतच काजू, आमसुलं, खाजं भरून वर धुवट पंचा बांधला की वेगळा खोका लागत नाही. खाऊ संपतो, रोवळी स्वयंपाकघरात राहते.

एक सावधगिरी: ‘बांबूचं कापड’ म्हणून जे मऊ मोजे-टॉवेल विकतात, ते बहुतेक बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेल्या रेयॉनचे असतात. त्यांचा आपल्या बांधावरच्या माणग्याशी काही संबंध नाही.

काथ्याचं पायपुसणं ही चांगली, टिकाऊ भेट. मात्र पाठ बघून घ्या. मागे रबर किंवा प्लास्टिकचा थर चिकटवलेला असेल तर काथ्या कुजला तरी तो थर कुजत नाही. विणलेलं, बिनपाठीचं घ्या. काथ्यातही फरक आहे. ओली सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजवून काढतात तो पांढरा काथ्या. त्या कुजण्याने पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे पळतात. सुक्या सोडणांचा यंत्राने काढलेला तपकिरी काथ्या या बाबतीत बरा. करवंटीच्या वाट्या-डाव घेणार असाल तर खोबरेल तेलाने घासून चमकवलेले घ्या, लुकण (व्हॉर्निश) लावलेले नकोत.

ताटात काय

डिसेंबरात कुणी ‘ताजा हापूस’ म्हणून काही विकत असेल तर तिथून निघा. या दिवसांत आंबा, फणस, कोकम हे सगळं साठवणीच्या रूपातच मिळतं, आणि ती साठवण उन्हात झालेली असते. आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं यांना विजेचं यंत्र लागत नाही. एप्रिल-मेचं ऊन लागतं आणि पावसाच्या आधी हात उरकणारी घरची माणसं लागतात.

कोकमाच्या बाबतीत एक हिशेब सांगतो. सरबताच्या बाटलीत बहुतेक साखर आणि पाणी असतं, वर बाटलीचं वजन. जवळ द्यायचं तर काचेच्या बाटलीत आगळ (कोकमाचा घट्ट रस) किंवा सरबत द्या, आणि बाटली परत आणा म्हणून सांगा. लांब पाठवायचं तर आमसुलं पाठवा. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त कोकम जातं, फुटायची भीती नाही, वर्षभर सोलकढीला पुरतात. सरबत घेतलंच तर घटकांची यादी वाचा; त्यात वेगळा रंग लिहिलेला असेल तर ते नको. कोकमाला रंगाची काय वाण?

घरी करता येत असेल तर दोदोल. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, गूळ, आणि ढवळायला दोन माणसं. तेल सुटेपर्यंत ढवळत बसायचं, मग थापून वड्या. केळीच्या पानात गुंडाळून लगेच द्या.

समुद्रातलं काही नको

याबद्दल थोडक्यात पण ठाम लिहितो. प्रवाळ, समुद्रपंखे, सागरी घोडे हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या सर्वांत कडक अनुसूचीत आहे. शंखांच्याही काही जातींना संरक्षण आहे, आणि कुठला शंख त्यातला हे आपल्याला दुकानात उभ्या उभ्या ओळखता येत नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. किनाऱ्यावरचे रिकामे शंखसुद्धा रिकामे नसतात. शंखातला खेकडा त्यातच घर करतो. शिंपल्यांच्या समया, शंखांचे हार, प्रवाळाचे तुकडे कुणी कितीही ‘नैसर्गिक’ म्हणून दाखवले, तरी घेऊ नका.

शिक्क्यांचा अर्थ

भौगोलिक मानांकन, म्हणजे ज्याला सगळे जीआय म्हणतात, ते १९९९च्या कायद्याखाली मिळतं आणि त्याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते. हापूस, वेंगुर्ला काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम, सावंतवाडीची लाकडी कला आणि गंजिफा यांना ते मिळालेलं आहे. ते सांगतं की ही वस्तू अमुक भागातली आहे आणि त्या भागामुळे तिच्यात अमुक गुण आहेत. फवारणी किती झाली, रंग कुठला, मजुरी काय दिली, यातलं काहीही ते सांगत नाही. आणि मानांकन वस्तूला मिळालं म्हणून प्रत्येक विक्रेत्याला ते वापरता येत नाही. त्याची स्वतःची नोंदणी लागते. ती आहे का, हे विचारता येतं.

‘नैसर्गिक’, ‘ग्रीन’, ‘इको’ या शब्दांना पूर्वी काही धरबंद नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार असा दावा करायचा तर पुरावा आणि नेमकं कशाबद्दल बोलतोय ते सांगणं बंधनकारक आहे. नुसतं हिरवं पान छापून भागत नाही. ‘कंपोस्टेबल’ पिशवीबद्दलही लक्षात ठेवा: बहुतेक पिशव्या कारखान्यासारख्या मोठ्या, गरम खतप्रकल्पात कुजतात. परसातल्या खड्ड्यात त्या तशाच पडून राहू शकतात.

बांधणी आणि सजावट

१ जुलै २०२२ पासून देशभर मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म आणि सजावटीचं थर्माकोल बंद आहे; महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोलवरची बंदी २०१८ पासूनची. चकचकीत गिफ्ट पेपर कागदाचा आहे की नाही हे तपासायला तो मुठीत घट्ट चुरगाळा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, परत उलगडला तर प्लास्टिकचा थर आहे. चमकी लावलेला कुठलाच नको, ती चमकी म्हणजे प्लास्टिकचा चुराच.

दारातला तारा बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा घरीच करता येतो, कामट्या पुढल्या वर्षीही चालतात, कागद तेवढा नवा लावायचा. झाडासाठी कोकणात पुष्कळ घरी सुरूची फांदी आणतात. आपल्या आवारातल्या सुरूची छाटलेली फांदी असेल तर उत्तम. किनाऱ्यावरच्या वनखात्याच्या लागवडीतली मात्र तोडू नये. आणि आधीपासून घरात प्लास्टिकचं झाड असेल तर ते टाकून नवं ‘हिरवं’ काही आणू नका. तेच जमेल तितकी वर्षं लावा.

हातची वस्तू हवी तर वेळ द्यावा लागतो. गंजिफा, चित्रकथी, नावं घालून करायची खेळणी यांची मागणी पाऊस संपता संपता नोंदवा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानात मिळेल ती घाईघाईत रंगवलेली किंवा बाहेरून आलेली. आगाऊ थोडे पैसे द्या. कारागिराला लाकूड तेव्हाच घ्यायचं असतं.

भेटीबरोबर एक चिठ्ठी ठेवायला विसरू नका, शुभेच्छांच्या खाली चार ओळी वापराच्या: रोवळी धुतल्यावर सावलीत उलटी वाळवा. लाकडी फळं ओल्या फडक्याने पुसू नका, पावसाळ्यात कपाटात ठेवा. आमसुलं बरणीत कोरड्या चमच्यानेच काढा. काजू उघडल्यावर हवाबंद डब्यात, आणि महिन्याभरात संपवा.